आई आतल्या फोनवर, बाबा बाहेरच्या

माझा आवाज गेला तेव्हा मी अकरावीत होते. सर्दी नव्हती, ताप नव्हता, घसाही लाल नव्हता. एका सकाळी आईने हाक मारली, मी 'ओ' द्यायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. हळदीचं दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध चघळून झालं. मग आमचे नेहमीचे डॉक्टर आणि त्यांच्या चिठ्ठीवर कल्याणचे कान-नाक-घशाचे मोठे डॉक्टर. त्यांनी घशात आरसा घालून पाहिलं, मला खोकायला लावलं. खोकल्याचा आवाज अगदी नीट आला. ते बाबांना म्हणाले, "यंत्रात काही बिघाड नाही."

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तपासनीस होते. तयार झालेले सुटे भाग मापून पास किंवा नापास करायचे, हे त्यांचं काम. बिघाड नाही आणि तरी चालत नाही, हे त्यांना काही केल्या पटेना. डोंबिवलीला परत येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मी तर बोलूच शकत नव्हते.

नेहमीच्या डॉक्टरांना मात्र आमच्या घरचं सगळं माहीत होतं. त्यांनी मला बाहेर बाकड्यावर बसवलं, पण मध्ये नुसता पडदा होता. मला ऐकू आलं. "हिला औषध नकोय," ते म्हणाले. "तुमच्या घराला हवंय."

त्या वर्षी श्रावणात माझा मोठा भाऊ गेला होता. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता. मित्रांबरोबर खडवलीला नदीवर गेलेला, तो परत आला नाही. पोहता येत होतं त्याला, पण तलावातलं. जायच्या आदल्या दिवशी आई नको म्हणत होती. नदीला पाणी असेल, रविवारी जा, बाबांना घेऊन जा, असं काय काय. शेवटी बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "जाऊ दे गं. एवढा घोडा झाला, किती दिवस पदराखाली ठेवणार आहेस?" एरवी हे वाक्य कोणाच्या लक्षातही राहिलं नसतं.

तेराव्यानंतर पाहुणे गेले आणि आईने बाबांशी बोलणं बंद केलं. भांडण झालं नाही. आवाज चढला नाही. त्यांचे शर्ट ती इस्त्री करायची, डबा भरायची, गोळ्यांची आठवण ठेवायची. फक्त त्यांच्याशी बोलायची नाही. "बाबांना सांग, पान वाढलंय," ती मला म्हणायची आणि बाबा हाताच्या अंतरावर बसलेले असायचे. मी सांगायचे, "बाबा, पान वाढलंय." ते म्हणायचे, "आईला सांग, भात थोडाच." पहिल्यांदा मला हे विचित्र वाटलं. मग सवय झाली. मग तर अशी वेळ आली की मी अभ्यासाला मैत्रिणीकडे गेले की घरात दोन माणसं असूनही शुकशुकाट असायचा. मी जिना चढून आले की निरोप सुरू. कधी कधी दारातच, चपला काढायच्या आधी.

आई घराबाहेर पडेनाशी झाली होती. भाजी मी आणायचे. खाली उतरलं की बायका बोलता बोलता थांबतात, असं ती एकदा मला म्हणाली होती.

डॉक्टरांनी ज्यांचं नाव दिलं त्या बाई ठाण्याला वर्तकनगरात एका संस्थेच्या केंद्रात बसायच्या. कौटुंबिक समुपदेशक हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. बाबांनीही बहुतेक पहिल्यांदाच. "म्हणजे वेड्यांच्या डॉक्टर का?" त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "नाही हो. घरातल्या माणसांना एकत्र बसवून बोलतं करतात. रीतसर शिकलेल्या आहेत."

'रीतसर' हा शब्द बाबांनी धरून ठेवला. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "तुमचं शिक्षण वगैरे?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई तिशीतल्या, सडपातळ, केसांत अबोलीचा छोटासा गजरा. त्यांना राग आला नाही. मागच्या भिंतीवर दोन प्रमाणपत्रं लावलेली होती. त्या म्हणाल्या, "वाचून घ्या सावकाश. मी थांबते." बाबांनी खरंच चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि दोन्ही प्रमाणपत्रं वरपासून खालच्या सहीपर्यंत वाचली. मग येऊन बसले आणि म्हणाले, "ठीक आहे."

बाईंनी आधी मला काहीच विचारलं नाही. बाबांना विचारलं, "हिच्या आईचं काय म्हणणं आहे?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही तिच्याकडे का बघितलंत?" बाई म्हणाल्या.

बाबा गडबडले. "नाही, म्हणजे... आमचं बोलणं हिच्यामार्फतच होतं."

"किती दिवस?"

"मुलगा गेल्यापासून."

बाई खुर्चीत मागे टेकल्या आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. "मग तू दमली असशील," एवढंच म्हणाल्या. त्या क्षणापर्यंत मला कोणी तसं म्हटलं नव्हतं. सगळे येऊन सांगायचे, आता आईला सांभाळ, बाबांना सांभाळ, तूच आता त्यांचा मुलगा. मी रडले, आणि आवाज नसल्यामुळे ते रडणं फार चमत्कारिक दिसत असणार, कारण बाबांनी घाईघाईने रुमाल काढला आणि स्वतःचेच डोळे पुसले.

त्या दिवशी बाईंनी एकच गोष्ट सांगितली. आजपासून हिच्या हाती निरोप पाठवायचा नाही. दोघांपैकी कोणीही नाही. बोलायचं नसेल तर बोलू नका, पण हिला मध्ये घालू नका. बाबा म्हणाले, "मग घर चालणार कसं?" बाई म्हणाल्या, "अडेल. अडू द्या थोडं."

घर अडलं. बाबांनी एकदा साखर संपली हे सांगायला रिकामा डबा आईसमोर ओट्यावर नेऊन ठेवला. आई माझ्याकडे वळली, काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिला बाईंचं म्हणणं बाबांनीच कळवलं होतं, तिच्या पाठीला, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून. ती ठाण्याला यायला मात्र तयार होईना. दुसऱ्या खेपेला आम्ही पुन्हा दोघंच गेलो.

"त्या येणार नाहीत?" बाईंनी विचारलं. मी मान हलवली. त्या पेन्सिल टेबलावर उभी-आडवी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "घरी फोन आहे?"

"आहे," बाबा म्हणाले. "दोन आहेत."

फोनचा नंबर आम्ही कित्येक वर्षांपूर्वी लावलेला. भाऊच एक्स्चेंजमध्ये खेपा घालायचा. एक फोन हॉलमध्ये आणि त्याच लाईनवरचा दुसरा आतल्या खोलीत, असं त्यानेच ठरवून ठेवलं होतं, मित्रांशी बोलताना कोणी ऐकायला नको म्हणून. फोन आला तो मात्र भाऊ गेल्यावर, दिवाळीनंतर. बाबांनी कोणाला न विचारता त्याच्या मनासारखे दोन्ही बसवून घेतले. त्यानंतर त्या फोनवर आमचं बोलणं असं फारसं झालंच नव्हतं.

"मी असं कधी केलेलं नाही," बाई म्हणाल्या. "माणसं समोर बसलेली हवीत, असंच आम्हाला शिकवलंय. चेहरा दिसायला लागतो. पण त्या येत नाहीत तर काय करायचं? वरच्यांना विचारून बघते."

वरच्यांनी काय उत्तर दिलं ते मला ठाऊक नाही. पण पुढच्या शनिवारी दुपारी त्या स्वतःच्या घरून फोन करणार असं ठरलं, कारण केंद्रातला फोन कधीच मोकळा नसायचा. बाबा शनिवारी अर्धा दिवस घेऊन आले. मी त्यांच्या शेजारी सोफ्यावर बसून रिसीव्हरच्या मागच्या बाजूला कान लावला. फोन वाजला. बाबांनी उचलला. बराच वेळ आतून काही नाही. मग खट्ट असा आवाज झाला आणि आईचा श्वास ऐकू यायला लागला. आतल्या खोलीत, दहा पावलांवर बसलेल्या आईचा श्वास, ठाण्याहून आल्यासारखा.

"ताई, ऐकू येतंय का?" बाई म्हणाल्या.

आई काही बोलली नाही.

"नसेल बोलायचं तर नका बोलू. फोन ठेवू नका, एवढंच. मुलगी आहे ना तिथे? असशील तर रिसीव्हरवर नखाने वाजव."

मी टकटक केलं. "बरं," त्या म्हणाल्या आणि बाबांशी बोलत राहिल्या. झोप लागते का, कामावर लक्ष लागतं का, कोणाशी बोलता का. बाबा कारखान्यातल्या रिपोर्टसारखी उत्तरं देत होते. होय. नाही. कधी कधी. एवढ्यात बाईंच्या मागून कोणा म्हातारीचा खणखणीत आवाज आला, "अगो, जेवाला येतेस का नाय? निवला सगला!"

त्या म्हणाल्या, "माझी आजी आहे, तिकडे लक्ष नका देऊ."

तेव्हा आई बोलली. तिचा आवाज मला दोनदा ऐकू आला, एकदा रिसीव्हरमधून आणि एकदा दारातून. "तुम्ही जेवायच्या राहिल्यात?"

"हो. उठेन आता."

"जेवून घ्या आधी," आई म्हणाली आणि फोन ठेवला. पहिल्या खेपेला एवढंच झालं. बाबांना वाटलं, फुकट गेलं. पुढच्या शनिवारी फोन वाजायच्या आधीच आई आत जाऊन पलंगावर बसलेली मला दिसली.

हळूहळू ती बोलू लागली, पण बाईंशीच. समोर बसून ती इतकं बोलली असती असं मला वाटत नाही. कोणाचं तोंड बघायचं नव्हतं, कोणाला आपलं दाखवायचं नव्हतं. आता माझ्या ओळखीची माणसं कॉम्प्युटरच्या पडद्यावर समुपदेशकाशी बोलतात आणि समोरासमोर नसताना हे जमतं कसं यावर वाद घालतात. मी त्या वादात पडत नाही. मला आतल्या खोलीच्या दारातून दिसणारे आईचे पाय आठवतात. सुरुवातीला ते जमिनीला घट्ट चिकटलेले असायचे. नंतर कधीतरी तिने ते वर घेऊन मांडी घातली.

एकदा तिने बाईंना विचारलं, "तुमचं घर कुठे?"

"चेंदणी कोळीवाड्यात. खाडीजवळच म्हणा ना."

आई म्हणाली, "म्हणजे तुमची माणसं पाण्यावरचीच."

"आता सगळे नोकऱ्या करतात. पण आजोबा, काका, सगळे होडीवरचे."

"त्यातलं कोणी...?"

"गेलंय, ताई. माझा काकाच गेला. मी लहान होते."

"मग त्या पाण्याशी कसं वागता तुम्ही?"

बाई मग म्हणाल्या, "आजी दर वर्षी नारळ सोडते. आणि घरी येऊन त्याच पाण्याला शिव्या घालते. दोन्ही करते. तिला कोणी अडवत नाही."

बाबा रिसीव्हर कानाला लावून जमिनीकडे बघत होते. त्यांचा हात घामाने ओला झाला होता, माझ्या गालाला लागला.

आणि मग तो शनिवार. बाईंनी आईला विचारलं, त्या दिवसातलं असं काही आहे का, जे तुम्हाला विचारायचंय आणि विचारता आलेलं नाही? मला वाटलं आई आता 'तुम्ही का जाऊ दिलंत' म्हणणार. बाबांनाही तेच वाटलं असणार, ते ताठ झाले.

आई म्हणाली, "त्यांना विचारा, त्याने डबा खाल्ला होता का."

"ते ऐकतायत, ताई. तुम्हीच विचारा."

आई विचारेना. लाईनवर नुसती खरखर. शेवटी बाबांनीच सुरुवात केली, कोणी विचारलेलं नसताना. बाईंना उद्देशून, कारण त्यांना तेवढंच जमत होतं. खडवलीला ते पोचले तेव्हा मित्रांनी सामान एका झाडाखाली गोळा करून ठेवलं होतं. त्यात डबा होता. पोहायला उतरायच्या आधीच सगळ्यांनी जेवून घेतलं होतं. पोळ्या संपल्या होत्या, बटाट्याची भाजी चाटूनपुसून खाल्लेली होती. "मित्र म्हणाले, यानेच जास्त खाल्लं," बाबा म्हणाले. "डबा खरकटा होता. मला वाटलं, हिच्या हातात तसा द्यायला नको. स्टेशनवरच्या नळाखाली धुतला. दोनदा धुतला. मग आणला."

आतून हुंदका आला. रिसीव्हरमधून आणि दारातून. "मला वाटलं, उपाशी गेला," आई म्हणत होती. "इतका स्वच्छ डबा. मला वाटलं, तसाच पाण्यात गेला असेल, उघडलाच नसेल..."

तेवढ्यात लाईनवर एक अनोळखी पुरुषाचा आवाज आला. "वहिनी, माफ करा हां," तो म्हणाला, अगदी हलक्या आवाजात. "माझा फोन मध्येच लागला. ठेवायचा होता, ठेववेना. नका रडू, वहिनी." आणि खट्ट झालं.

 

"कोण होतं ते?" आईने विचारलं.

"क्रॉस कनेक्शन असेल," बाबा म्हणाले.

"ठेवला का त्याने?"

"ठेवला."

"नक्की?"

"हो गं, ठेवला."

मी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांच्या अजून लक्षात आलं नव्हतं. श्रावणानंतर ती दोघं एकमेकांशी पहिल्यांदा बोलली होती. बाईंच्या लक्षात आलं असणार, कारण त्या मध्ये पडल्या नाहीत. थोड्या वेळाने फक्त म्हणाल्या, "मी आहे. चालू द्या."

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं कोणी म्हटलं तर ते खरं नाही. पुढच्याच आठवड्यात आईने मनातलं बोलून टाकलं. "मी नको म्हणत होते. यांनी पेपर वाचता वाचता पोराला पाठवलं. वर बघितलंसुद्धा नाही." बाबांनी रिसीव्हर सोफ्यावर ठेवला, खाली आपटला नाही, नुसता ठेवला आणि चपला घालून बाहेर गेले. मी रिसीव्हर कानाला लावला. बाई आईला सांगत होत्या, "बोललात ते बरं झालं. आता त्यांनाही वेळ द्या." पुढचे दोन शनिवार बाबा कारखान्यातून वेळेवर आलेच नाहीत. आई आतल्या फोनवर एकटी बोलली. मला वाटलं, संपलं.

मग एका शनिवारी ते आले, हातपाय धुतले, फोन वाजण्याची वाट बघत बसले. बाईंनी नमस्कार केल्याबरोबर म्हणाले, "मला हिच्याशी बोलायचंय. तुम्ही ऐका." आणि आईला म्हणाले, "तुझं खरं आहे. मी जाऊ दे म्हटलं. वर न बघता म्हटलं. मला आता रोज ते दिसतं. मी काय करू, सांग."

 "काय करणार," ती म्हणाली. "मी तरी काय केलं? नको नको म्हणत डबा भरून दिलाच ना. त्याच्या आवडीची भाजी करून."

 बाईंनी समजूत घातली नाही. फोनवर तिघांचे श्वास ऐकू येत होते. खालून कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती काही सुरू होईना.

माझा आवाज परत आला तो या सगळ्यापासून लांब, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये. हजेरीला माझी मैत्रीण माझ्या वतीने 'प्रेझेंट मॅडम' म्हणायची. त्या दिवशी ती आली नव्हती. माझा नंबर पुकारला गेला आणि मी म्हणून टाकलं. घोगरा, फाटका, पण आवाज. मॅडमनी मान वरसुद्धा केली नाही, पुढचा नंबर घेतला. आजूबाजूच्या दोन-तीन मुली मात्र वळून बघायला लागल्या. मी हातातली परीक्षानळी स्टँडमध्ये ठेवली. घरी येऊन मी आईला लगेच सांगितलं नाही. बाबा आले, दोघं एका खोलीत आली, तेव्हा म्हटलं, "चहा टाकू का?" आई मटकन खुर्चीत बसली. बाबा म्हणाले, "टाक." 

शनिवारचे फोन उन्हाळ्यापर्यंत चालू राहिले, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. बाईंनीच ते कमी करत नेले. शेवटी त्या म्हणाल्या, "आता मी फोन करणार नाही. तुम्हाला वाटलं तर तुम्ही करा." आईला ते मनापासून आवडलं नाही. पण वर्षश्राद्ध झाल्यावर तिने स्वतःहून ठाण्याला जायचं काढलं. ती खाली उतरली तेव्हा जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या आणि बोलता बोलता थांबल्या. आई म्हणाली, "ठाण्याला चाललोय, तिघं," आणि पुढे गेली.

केंद्रात बाई दारातच उभ्या होत्या. आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना ओलांडून आत बघायला लागली, कोणीतरी पोक्त, जाडजूड बाई शोधत. "या ना, ताई," त्या म्हणाल्या, तेव्हा आवाजावरून तिला कळलं. ती त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुम्ही एवढ्याशा?" म्हणाली. बाई हसल्या. आईने पिशवीतून नारळीपाकाच्या लाडवांचा डबा काढला. "आजींना द्या," म्हणाली. "मऊ केलेत मुद्दाम."

त्या भेटीत फारसं बोलणं झालंच नाही. फोनवर सगळं बोलून झालेल्या माणसांना समोरासमोर काय बोलायचं ते कळत नव्हतं. आई खुर्चीच्या टोकावर बसली होती. बाबा उगाच भिंतीवरची प्रमाणपत्रं पुन्हा वाचत होते. निघताना बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बारावीचं काय चाललंय ते विचारलं. मी बरंच काही सांगितलं. कुठले विषय जड जातात, कुठल्या सरांचं कळत नाही. त्या सगळं ऐकत राहिल्या.

पुढे त्या कुठे गेल्या, मला माहीत नाही. केंद्रही बंद झालं. आई-बाबा पूर्वीसारखी झाली नाहीत. पूर्वी ती भांडायची, एकमेकांची थट्टा करायची. ते परत आलं नाही. पण भावाबद्दल बोलायला लागली. पानावर बसलं असताना, इतर कोणाबद्दल बोलावं तसं. एकदा आईने आमरस केला होता. वाढता वाढता म्हणाली, "आज असता तर दुसरी वाटी मागितली असती."

बाबा म्हणाले, "तिसरी," आणि आपली वाटी पुढे केली.